नक्षी सगळ्यात शेवटी बघा

हाताने घडवलेली, कोरीव काम केलेली सुरी समोर ठेवली की नजर आधी नक्षीवरच जाते. नवा संग्राहक तिथेच फसतो, कारण दाट वेलबुट्टीखाली कच्चं काम सहज लपतं. म्हणून आज मी सांगणार आहे तो क्रम उलटा आहे. आधी सांधे, मग पातं, मग पोलाद, आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

सांध्यांपासून सुरुवात करू. मुठीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूचा जो तुकडा बसवतात, तो बोल्स्टर. सुरी उजेडासमोर धरा आणि बोल्स्टर पात्याला भिडतो ती रेघ बघा. तिथून उजेड आरपार दिसता कामा नये, डिंकासारखी काळसर रेघही नको. मग त्यावरून नख फिरवा. लाकूड आणि धातू जिथे मिळतात तिथे नख अडलं, तर एक तर घासकाम असमान आहे किंवा लाकूड नीट सुकलेलं नव्हतं आणि नंतर आकसलं. डाग देऊन बसवलेल्या गार्डच्या, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीच्या, कडेला बारीक तांबूस रेघ दिसली, तर फ्लक्स (डाग देताना लावतात ते रसायन) पुरता धुतला गेलेला नाही. तो आतून गंज धरत राहतो आणि मूठ उघडल्याशिवाय निघत नाही. अशी सुरी परत करावी.

घडीच्या चाकूत पाठीची स्प्रिंग बघा. पातं बंद, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं अशा तिन्ही अवस्थांत स्प्रिंग पाठीशी एकसपाट राहिली पाहिजे. अर्ध्यावर ती वर आली किंवा खाली बसली, तर घासकाम घाईत उरकलं आहे.

आता पातं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे रॉबर्ट लव्हलेस (1929–2010) यांच्या शिकारी सुऱ्यांमुळे मुठीत जाणारं पोलाद मागे निमुळतं करत नेण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे मूठ हलकी होते, तोल पुढे येतो. पण हे पृष्ठ अगदी सपाट उतरलं नाही, तर मुठीच्या फळ्यांखाली फट राहते. म्हणून सुरीचं बूड डोळ्यासमोर धरा. मधली पोलादाची रेघ बारीक आणि नेमकी मध्यावर हवी. मग पाठीकडून बघा. धारेसाठी पातं घासायला जिथून सुरुवात केली ती रेघ दोन्ही बाजूंना समोरासमोर असली पाहिजे आणि टोक मध्यरेषेवर. एका बाजूची सुरुवात दोन मिलिमीटर जरी मागे गेली, तरी हात अजून तयार झालेला नाही.

पोलादावर थोडं रेंगाळायला हवं, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. आज ज्याला दमास्कस म्हणतात ते बहुधा थर देऊन जोडलेलं पोलाद असतं. दक्षिण भारतातलं मुशीत वितळवलेलं वुट्झ वेगळं, त्याची नक्षी धातू थिजताना आतूनच येते. मेरीलँडचे बिल मोरान यांनी 1973 मध्ये अमेरिकेतल्या चाकूकारांच्या प्रदर्शनात थरांच्या पोलादाच्या सुऱ्या मांडल्या आणि ही कला तिथे पुन्हा रुजली. 1976 मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. तिच्या परीक्षेत सुरीने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग दोन बाय चार इंची लाकूड दोनदा कापायचं, त्यानंतरही धारेने केस तासले गेले पाहिजेत आणि शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून 90 अंशांत वाकवायचं. मास्टर पदवीसाठी हीच कसोटी किमान 300 थरांच्या पोलादावर लागते.

थरांसाठी पोलादाच्या दोन जातींची नेहमीची जोडी म्हणजे 1084 आणि 15एन20. दुसऱ्यात सुमारे 2 टक्के निकेल असल्याने नक्षी उठवण्यासाठी वापरतात त्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ते चकचकीत राहतं आणि 1084 काळं पडतं. सात थरांनी सुरुवात केली, तर प्रत्येक घडीला दुप्पट होत सहाव्या घडीला 448 होतात. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं मात्र नाही. थर फार वाढले की नक्षी धूसर होते. स्वस्त मालात नक्षी फक्त वर उठवलेली असते, म्हणून पाठ आणि धारेची कड बघा. खऱ्या थरांच्या रेषा पाठीवरून पलीकडे जातात. दहापट भिंगाखाली काळी बारीक चीर दिसली, तर तिथे थर जुळलेलेच नाहीत. ती मुठीजवळ असली तर एकवेळ चालेल, धारेवर अजिबात नको.

आता नक्षी. ती बहुतेक वेळा बोल्स्टरवरच का असते? पात्याची कठिणता रॉकवेल सी या मापावर 58 ते 62 असते, त्यावर कोरणी चालत नाही, टोक उडतं. पात्यावर कोरायचंच असेल, तर ते पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून बुडवून कठीण करण्याआधी. बोल्स्टरसाठी 416 जातीचं स्टेनलेस चांगलं, त्यातल्या गंधकामुळे ते स्वच्छ कापलं जातं. 304 मात्र कोरता कोरताच कठीण होत जातं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि ते कोरणीखाली चिकट लागतं.

भिंगाखाली सुरी उजेडात हळूहळू फिरवा. हाताने कोरलेल्या खाचेच्या दोन्ही भिंती आळीपाळीने चमकतात आणि रेघ शेवटी केसासारखी निमुळती होते. लेझरच्या रेघेचा तळ रवाळ आणि खोली सगळीकडे सारखी असते. वेलीचं वळण बघा. त्यात कुठे कोपरा आला असेल तर तिथे हात थांबला होता. सोन्याची तार बसवायला खाच आतून रुंद कापतात, म्हणजे ठोकलेलं सोनं तिथे अडकून राहतं. ही रुंदी कमी पडली की वर्षा-दोन वर्षांत सोन्याचं टोक उचललं जातं. उदयपूरच्या शिकलीगरांची (शस्त्रं घडवणाऱ्या-उजळणाऱ्या कारागिरांची) कोफ्तगिरी वेगळी. तिथे पृष्ठभागावर बारीक जाळी पाडून त्यावर तार ठोकतात. सोनं झिजलं की खालची जाळी दिसू लागते, आणि जुना नमुना ओळखायची हीच खूण आहे. मला हे काम पाश्चात्त्य जडावाइतकंच मोलाचं वाटतं, पण ते घासून चमकवायचं नसतं.

मुठीबाबत एक कायद्याची गोष्ट. अमेरिकन सुऱ्यांवरची सांबरशिंगं पूर्वी आपल्याकडूनच जात. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्यात थांबली. आज भारतात शिंगं किंवा हस्तिदंत घेणं-विकणं वन्यजीव कायद्यात अडकतं, म्हणून मूठ लाकडाची किंवा मायकार्टाची (राळेत दाबून घट्ट केलेल्या कापडाच्या थरांची) मागवा. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापराखेरीज 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. मागवण्याआधी मापं लेखी घ्या.

चाकूकार आणि कोरणारा बहुधा वेगवेगळे असतात. दोघांच्याही सह्या, पोलादाची जात आणि कामाचे फोटो कागदावर घ्या.

जपणुकीत मोठी चूक म्हणजे सुरी कातडी म्यानात ठेवणं. कातडं कमावण्याची रसायनं आणि ओल मिळून पोलादाला गंज आणि जर्मन सिल्व्हरला हिरवा थर आणतात. म्यान वेगळं ठेवा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक हवाच, आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा. सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो नग इतरांपासून दूर ठेवा, त्यातून निघणाऱ्या आम्लवायूने शेजारचं पोलाद गंजतं. पात्याला सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेणाचा पातळ हात द्या. खोबरेल किंवा खाद्यतेल नको, ते चिकट होऊन नक्षीच्या खाचांत साचतं. धातू उजळायची पेस्टही नको, तिची पांढरी भुकटी खाचांत अडकते आणि कोरलेल्या कडा बोथट होतात. मऊ ब्रश, सुती हातमोजे आणि दर तीन महिन्यांनी एकदा डबा उघडून नजर टाकणं एवढं पुरतं.