पहिल्या भागाची खुंटी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'विज्ञान-मालिका आणि प्रेक्षकांचा प्राथमिक प्रतिसाद'. हे भारदस्त नाव संयोजकांचं. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की नवी मालिका सुरू झाली की पहिल्या आठवड्यात लोक जे काही बोलतात, त्याबद्दल मला एकदा मोकळं व्हायचंय. त्याचं त्यांनी हे केलं. असो.

इथे जमलेल्यांना 'स्टार ट्रेक' म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कुणाला माहीत नसेलच तर शेजारच्याला विचारा. तो सांगेल. फक्त तो थांबणार नाही, हे लक्षात ठेवा.

तर माझं म्हणणं असं आहे. विज्ञान-मालिकेचा पहिला भाग पाहताना माणूस अवघडलेला असतो. पोलिसी मालिकेत पहिल्या पाच मिनिटांत प्रेत सापडलं की आपण पाय पसरून बसतो. आता तपास होणार, संशयित येणार, सगळं ओळखीचं. इथे प्रेत सापडलं तर आधी हे विचारावं लागतं, की या जगात मेलेला माणूस मेलेलाच राहतो ना? हा समोरचा माणूस माणूसच आहे ना? आणि हे आत्ता चाललंय की चारशे वर्षांनी? नियम कुणी सांगितलेले नसतात, आणि विचारायची तर लाज वाटते. हे अवघडलेपण कुठेतरी टांगायला खुंटी लागते. मग जी पहिली हाताशी येते तिच्यावर ते टांगलं जातं. कुणाचा तरी कान, कुणाचं टक्कल, एखादा गणवेश. अवघडलेपण खरं असतं, खुंटी मात्र जी सापडेल ती. एवढाच माझा सिद्धान्त. आता उदाहरणं देतो, म्हणजे वेळ जाईल.

'डॉक्टर हू' बीबीसीवर सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी. तारीख ऐकून काहींच्या लक्षात आलं असेल. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. त्या संध्याकाळी लोकांचं चित्त मालिकेत कुठून असणार! म्हणून पुढच्या शनिवारी बीबीसीनं पहिला भाग पुन्हा दाखवला आणि त्याला जोडून दुसरा. पहिली प्रतिक्रिया देण्याची संधी प्रेक्षकांना दोनदा मिळाली, असं सहसा होत नाही. बीबीसीकडे तेव्हा निवडक प्रेक्षकांची मतं गोळा करणारा एक विभागच होता. त्यात नौदलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यानं कळवलं, की डोक्यावर दिवा लुकलुकणारी पोलिसांची टेलिफोन-पेटी अंतराळातून प्रवास करते, ही शुद्ध बकवास आहे. आता पाहा, पहिल्याच भागात एक म्हातारा सांगतो की आम्ही दुसऱ्या काळातून, दुसऱ्या जगातून आलो. त्याला या गृहस्थांनी काय म्हटलं ठाऊक नाही, पण राग निघाला तो पेटीवर. पेटी बिचारी रोज रस्त्यात दिसणारी, ओळखीची. त्या भागात नेमकी तीच एक गोष्ट त्यांना नीट समजली होती, म्हणून खुंटी ती. आणि ही पेटी साठ वर्षं उलटली तरी मालिकेत आहे. (ती निळी आहे हे त्यांना दिसलंही नसणार, प्रक्षेपण कृष्णधवल होतं. हे आपलं सहज.)

याच मालिकेत दुसरी गंमत. सिडनी न्यूमन या ज्या साहेबांच्या डोक्यातून मालिका निघाली, त्यांचा हुकूम होता की वटारलेल्या डोळ्यांचे राक्षस वगैरे काही नकोत, मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचंय. व्हेरिटी लॅम्बर्ट या निर्मातीनं महिन्याभरात डॅलेक नावाचे राक्षसच आणले. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ते अख्खे पडद्यावर आले, मुलं सोफ्याच्या मागे लपायला लागली, आणि प्रेक्षकांचे आकडे चढत गेले. शिकवायचं राहिलं ते राहिलंच.

आता कान. कानांवर मी एक तास बोलू शकतो. घाबरू नका, बोलणार नाही.

'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना-भाग एनबीसी या अमेरिकन वाहिनीनं परत पाठवला. फार बुद्धीला ताण देणारा आहे म्हणाले. मग त्यांनी दुसरा नमुना-भाग मागवला. एकदा नाकारल्यावर पुन्हा पैसे घालणं ही त्या धंद्यात दुर्मीळ गोष्ट. तो पसंत पडला. पण एक गोष्ट त्यांच्या घशात अडकली होती. जहाजावरचा परग्रहवासी अधिकारी स्पॉक, त्याचे टोकदार कान. सैतानासारखा दिसतो, लोक चिडतील. म्हणून ठिकठिकाणच्या केंद्रांना आणि जाहिरातदारांना मालिका विकण्यासाठी जी पुस्तिका छापली, तिच्यातल्या छायाचित्रांत स्पॉकचे कान घासूनपुसून गोल केले. वर गेलेल्या भुवयाही सरळ केल्या. डोळ्यांपुढे आणा, कुणीतरी चित्रकार टेबलाशी वाकून, बारीक फवारणीनं, एका परग्रहवासीयाला माणसात आणतोय! प्रेक्षकानं अजून काही पाहिलेलं नाही, आणि त्याची पहिली प्रतिक्रिया यांनी आधीच देऊन टाकली.

८ सप्टेंबर १९६६ ला पहिला भाग दाखवला. कोणता? तर माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणाऱ्या प्राण्याचा. राक्षस असला की लोक थांबतील, हा हिशेब. ज्या नमुना-भागावर मालिका पसंत केली होती तो दाखवला तिसऱ्या आठवड्यात. त्यात गणवेश वेगळे. जहाजावरचा डॉक्टरही वेगळाच! दोन आठवडे मॅकॉय, तिसऱ्या आठवड्यात भलताच गृहस्थ नाडी बघतोय, आणि चौथ्या आठवड्यापासून काही झालंच नाही असं पुन्हा मूळपदावर. त्या वेळी घरोघरी काय चर्चा झाली असेल! 'व्हरायटी' या मनोरंजन-धंद्याच्या नियतकालिकानं तर पहिल्याच आठवड्यात लिहून टाकलं होतं, की हे चालायचं नाही.

आणि झालं काय? पत्रांच्या थैल्या येऊ लागल्या त्या स्पॉकच्या नावानं. जे कान झाकले होते त्यांच्यासाठी. नंतर मालिका बंद होण्याची आवई उठली, तेव्हा एवढी पत्रं आली की १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर एनबीसीला जाहीर करावं लागलं, मालिका चालू राहील, कृपया पत्रं पाठवू नका. तरी १९६९ मध्ये त्यांनी ती बंद केलीच, ७९ भागांवर. त्यात शुक्रवारी रात्री दहाची वेळ देऊन, म्हणजे ज्यांनी पत्रं लिहिली ती तरुण मंडळी घराबाहेर असतानाची.

'स्टार ट्रेक'चीच पुढच्या पिढीची मालिका आली १९८७ मध्ये. तोवर कान सरावाचे झाले होते, नवी खुंटी हवी होती. ती मिळाली कॅप्टनच्या डोक्यावर. असं सांगतात की एका पत्रकारानं निर्माते रॉडेनबेरी यांना विचारलं, चोविसाव्या शतकापर्यंत टकलावर औषध निघालं नसेल का? ते म्हणाले, तोपर्यंत टकलाचं कुणाला काही वाटणार नाही. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, मी पाहिलं.

आता माझी तक्रार. व्याख्यान मुळात त्यासाठीच आहे.

आमचे एक स्नेही आहेत. नाव सांगत नाही, ते आलेले नाहीत, पण त्यांच्यासारखे चारदोन तरी इथे आहेत. नवी मालिका लागली की हे शेजारी बसतात, हातात फोन. पहिल्या दहा-बारा मिनिटांत त्यांचं मत कळवून झालेलं असतं. मत एकच, 'अवकाशात आवाज येत नाही.' बरोबर आहे हो. हवा नाही, आवाज नाही, शाळेत शिकवलंय. पण ज्या जहाजाला प्रकाशाहून वेगानं जायची परवानगी यांनी मान डोलावून दिली, त्याच जहाजाचं इंजिन घरघरलं म्हणून हे उठून बसतात! वेगाबद्दल बोला म्हटलं, तर म्हणतात, 'ती कल्पना आहे.' आणि घरघर? ती चूक.

म्हणून मी एकदा मुद्दाम त्यांना 'द एक्सपान्स' दाखवायला बसवलं. २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालेली. म्हटलं, या लोकांनी भौतिकशास्त्राची काळजी घेतलीय, आता बोला. या मालिकेत जहाजाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, इंजिन सगळ्यात खाली. इंजिन जोर लावतंय तोवर पायाखाली वजन. बंद केलं की सगळं तरंगतं. अर्धा प्रवास वेग वाढवायचा, मग जहाज गर्रकन उलटं फिरवायचं आणि उरलेला अर्धा प्रवास त्याच इंजिनानं ब्रेक लावत जायचं. सिरीस या लघुग्रहावर एक पक्षी दिसतो. एकदा पंख मारतो आणि नुसता हवेत राहतो, मग आठवलं की पुन्हा एकदा मारतो. कुणी एक शब्द समजावून सांगत नाही. तेवढ्यात तुम्हाला कळतं की इथे वजन कमी आहे. मी हे दाखवताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

ते म्हणाले, 'फार संथ आहे. आणि हे जहाज उलटं का फिरलं?'

पुढे म्हणाले, या लोकांची भाषा कळत नाही. मग, त्या पोलिसाची हॅट बरी नाही. म्हणजे आवाजाची खुंटी काढून घेतली तर पाच मिनिटांत हॅटची मिळाली. मला त्यांचा राग येतो असं घरचे म्हणतात. राग नाही. एक माणूस इतक्या सातत्यानं माझा सिद्धान्त सिद्ध करतो, त्याच्यावर रागवायचं कसं?

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' अहो, मुख्य मुद्दा अजून... बरं. भराभर सांगतो.

वरचं सगळं ऐकून वाटेल की पहिल्या प्रतिक्रिया कचऱ्यात टाका. तसं मी म्हणत नाही, आणि हेच मला मुळात सांगायचं होतं. प्रेक्षक कारण चुकीचं देतो, पण आपल्याला काहीतरी खुपतंय हे खरंच सांगतो. सहा महिन्यांनी त्याला विचारलं तर तो म्हणेल, मला पहिल्यापासून आवडली होती. त्याला खोटं बोलायचं नसतं, तो विसरलेला असतो. गोंधळ कुठे झाला होता याची नोंद फक्त त्या पहिल्या आठवड्यातच सापडते. निकाल म्हणून ती वाचू नये, एवढंच.

मग वाचायची कशी? दोन टोकांची उदाहरणं. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' २००३ मध्ये नव्यानं आली, तेव्हा १९७८ च्या मालिकेतला स्टारबक हा पुरुष वैमानिक बाई झाला होता. जुने चाहते भडकले. सगळं बोलणं त्या एका खुंटीवर. पण खरं अवघडलेपण वेगळं होतं. जुन्या मालिकेतले शत्रू धातूचे, दुरून ओळखू येणारे. नव्या मालिकेत ते हुबेहूब माणसासारखे. कुणावरच विश्वास ठेवता येत नाही. हे अस्वस्थ करायचं म्हणूनच केलेलं होतं. म्हणजे प्रेक्षक अवघडला, ते मालिकेचं काम झालं होतं. तीच मालिका २००९ मध्ये संपता संपता संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मानवी हक्कांवरच्या चर्चेचा विषय झाली.

दुसरं टोक 'फायरफ्लाय'. २० सप्टेंबर २००२ ला फॉक्सवर सुरू. दोन तासांचा जो आरंभाचा भाग, ज्यात नऊ माणसं कोण, एका जहाजावर कशी आली हे सगळं आहे, तो वाहिनीनं बाजूला ठेवला आणि आगगाडीच्या लुटीचा भाग आधी लावला. प्रेक्षक म्हणाले, ही माणसं कोण आहेत तेच कळत नाही. ही खुंटी नव्हती बरं का! हे अक्षरशः खरं होतं. आरंभाचा भाग दाखवला २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी, मालिका रद्द केल्यावर. केलेल्या चौदापैकी अकराच भाग तेव्हा दाखवले गेले. पुढच्या वर्षी सगळे भाग योग्य क्रमानं डीव्हीडीवर आले, ते इतके खपले की २००५ मध्ये चित्रपट निघाला. इथे पहिली तक्रार कुणी नीट वाचली असती, तर दुसऱ्याच आठवड्यात क्रम बदलता आला असता.

तेव्हा पाहायचं ते असं, की गोंधळ या जगाचा आहे की दाखवणाऱ्यांचा? या जगाचा असेल तर दोनतीन भागांत तो निवळायला लागतो. पक्षी तसा का उडतो ते लक्षात येतं. दाखवणाऱ्यांचा असेल तर तो वाढतच जातो, आणि मग खुशाल बंद करा, माझी हरकत नाही. चौथ्या मोसमापासून चांगली होते असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. चौथा मोसम म्हणजे लग्न टिकवण्यासारखं होतं.

साप्ताहिक की एकदम, हा मुद्दा राहिलाच. एका वाक्यात, बरं, तीन वाक्यांत. 'सेव्हरन्स'नं २०२२ मध्ये आधी दोन भाग दिले आणि मग आठवड्याला एक. त्यामुळे 'कळत नाही' या तक्रारीचं आठवडाभरात तर्क लढवण्यात रूपांतर व्हायला जागा मिळाली. '३ बॉडी प्रॉब्लेम' मार्च २०२४ मध्ये आठही भागांसकट एकदम आली. तिथे पहिल्या भागात अडकलेला माणूस बोलायला तोंड उघडतो तोवर दुसरा शेवट सांगून मोकळा, आणि तिसरा म्हणतो की चिनी मालिका पाहा, तिला तीस भाग आहेत. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया नोंदवलीच जात नाही, आणि त्याचं नुकसान कुणाचं होतं यावर माझ्याकडे बरंच...

अध्यक्ष उभे राहिले. म्हणजे मी बसायला हवं. प्रश्न असतील तर विचारा, फक्त अवकाशातल्या आवाजाबद्दल एकच घेईन.