शिंगाच्या हजार सोंगट्या

रोममधलं लॅटरनचं सेंट जॉन बॅसिलिका. इथल्या एका खांबावर जुना लॅटिन शिलालेख आहे. तो ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्यांच्या थडग्याबद्दल रोमचे लोक शतकानुशतकं सांगत आले: पोपचं मरण जवळ आलं की त्या दगडाला घाम फुटतो, आत हाडं खडखडतात.

हे पोप दुसरे सिल्व्हेस्टर. मूळ नाव गर्बर्ट. पोपच्या गादीवर बसलेले पहिले फ्रेंच. पण इतकी वर्षं लोकांच्या तोंडी राहिले ते जादूगार म्हणून.

दहाव्या शतकात फ्रान्समधल्या ओरियाकच्या मठात वाढलेला हा मुलगा. इ.स. ९६७ मध्ये बार्सिलोनाचा सरदार बोरेल मठात आला. महंतांनी विचारलं, तुमच्याकडे विद्या शिकवणारे आहेत का? आहेत म्हटल्यावर गर्बर्टला त्याच्यासोबत धाडलं. कॅटालोनियात, विकच्या बिशपकडे, तो गणित शिकला. सीमेपलीकडे मुस्लिम स्पेन होतं, आणि तिकडून विद्येचा झरा अलीकडे झिरपत होता.

त्या झऱ्यात आपल्याकडचंही पाणी होतं. भारतातले आकडे अरबांमार्फत तिथवर पोचले होते. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी कोरलेले आकडे पाहिलेत? ते याच घराण्याचे पूर्वज. इ.स. ९७६ मध्ये उत्तर स्पेनमधल्या एका मठातल्या लेखनिकाने हे नऊ आकडे उतरवले आणि शेजारी भारतीयांच्या कुशाग्र बुद्धीची स्तुतीही लिहिली. वाचताना अंगावर काटा येतो.

गर्बर्ट पुढे फ्रान्समध्ये रँस इथे शिक्षक झाले. त्यांचा शिष्य रिशेर याने लिहून ठेवलंय: गुरुजींनी ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून हिशेबासाठी एक फळा करून घेतला. त्यावर २७ रकाने. आणि शिंगाच्या १००० सोंगट्या, प्रत्येकीवर नवापैकी एक आकडा.

हा फळा समजून घेऊ. रोमन पद्धतीत ३८७ लिहायला दहा अक्षरं लागतात. जुन्या फळ्यावर एकट्या आठासाठी आठ खडे मोजून ठेवायचे. गर्बर्टच्या फळ्यावर तीन सोंगट्या पुरतात: शतकाच्या रकान्यात ३, दशकाच्या ८, एककाच्या ७. ३०७ हवेत? मधला रकाना मोकळा सोडा. शून्याचं चिन्ह नाही, पण त्याची जागा आहे.

त्यांच्यातला शिक्षक मला सर्वांत जास्त दिसतो तो अडेलबोल्ड नावाच्या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात. प्रश्न साधा होता: समभुज त्रिकोणाची बाजू ७, मग एका रीतीने क्षेत्रफळ २८ आणि दुसऱ्या रीतीने २१ का येतं? गर्बर्ट समजावतात: एक, दोन, तीन करत सात ओळींत छोटे चौरस मांडले की २८ होतात, पण कडेच्या चौरसांचे कोपरे त्रिकोणाबाहेर जातात. म्हणून २१ घ्या.

इ.स. ९९९ मध्ये, त्यांचाच शिष्य असलेल्या सम्राट तिसऱ्या ऑटोच्या पाठबळाने, ते पोप झाले. १००३ मध्ये वारले.

नंतर दंतकथांनी त्यांना गाठलं. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या मॅल्म्सबरीच्या विल्यमने लिहिलं की त्यांनी स्पेनमध्ये एका जादूगाराची पोथी चोरली आणि प्रश्नाला हो-नाही उत्तर देणारं मुंडकं घडवलं. मुंडकं म्हणालं, जेरुसलेममध्ये प्रार्थना करेपर्यंत मरण नाही. पण रोममधल्याच एका चर्चचं नाव 'जेरुसलेम' होतं. तिथे प्रार्थना झाली आणि ते आजारी पडले; मरताना पश्चात्तापाने म्हणाले, माझ्या देहाचे तुकडे करा.

एवढ्या वेगाने हिशेब करणारा माणूस लोकांना माणूस वाटेना. मला या दंतकथांचा राग येतो. पण त्यांच्याच खांद्यावर बसून हे नाव हजार वर्षं चालत आलं, हेही खरं.

१६४८ मध्ये बॅसिलिकाच्या दुरुस्तीत ते थडगं उघडलं गेलं. त्या वेळच्या वर्णनानुसार देह अखंड होता, हात छातीवर जुळवलेले. हवा लागताच त्याची धूळ झाली.