छप्पर खालून पाहायचं असतं

मंडळी, आज बोलायचंय ते इथे फ्लोरिडात हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ, येण्याआधी आपलं छप्पर कसं तपासायचं यावर. पण विषयाला हात घालण्याआधी मला तुमच्याकडून एक वचन हवं आहे. आज घरी गेल्यावर कुणीही शिडी लावून छपरावर चढायचं नाही. सत्तरी ओलांडलेलं वय, रक्त पातळ ठेवणारी रोजची गोळी आणि पायाखाली शिंगलचे, म्हणजे छपरावरच्या डांबरी चकत्यांचे, उन्हाने सुटे झालेले दाणे. हे एकत्र आलं की काय होतं ते मी माझ्या एका जवळच्या माणसाच्या बाबतीत पाहिलंय. वादळ दोनशे मैलांवरून निघून गेलं, पण पन्हळीतला पाला काढायला चढलेले ते गृहस्थ खुबा मोडून घेऊन बसले. नंतर पूर्वीसारखे चालू शकले नाहीत. म्हणून हे आधी बोललो.

छपराचं जे खरं पाहायचं असतं, ते बहुतेक सगळं खालून दिसतं. वाऱ्याचं वागणं समजून घेतलं की हे पटेल. आपल्याला वाटतं, हरिकेनचा वारा छप्पर दाबतो, ढकलतो. प्रत्यक्षात तो छपरावरून वेगाने जाताना त्याला वर ओढतो. सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला बसते. ताशी ७५ मैलांचा वारा १५० मैलांचा झाला, की जोर चौपट होतो. अशा वेळी छप्पर टिकतं ते त्याला खाली धरून ठेवणाऱ्या खिळ्यांवर आणि पट्ट्यांवर. आणि ते दिसतात माळ्यावरून.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हरिकेन फ्लोरिडात मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडच्या भागात धडकलं. नंतर पडलेल्या घरांची पाहणी झाली तेव्हा प्लायवूडच्या तक्त्यांत असे खिळे सापडले, जे खालच्या वाशात गेलेच नव्हते. काही ठिकाणी तर खिळ्यांऐवजी स्टेपल मारलेले होते. त्या धक्क्यातूनच पुढे सगळ्या राज्याला एकच बांधकाम संहिता आली, ती १ मार्च २००२ पासून लागू झाली. म्हणून मला कुणी छपराबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, घर कोणत्या सालचं? २००२ च्या आधीचं असेल तर माळा पाहिल्याशिवाय मी काहीच सांगत नाही.

गेल्या मार्चमध्ये एका निवृत्त जोडप्याच्या घरी गेलो होतो. घर १९८० च्या दशकातलं, वरचे शिंगल नवेकोरे, त्यामुळे काका निर्धास्त. मी सकाळी लवकर माळ्यावर गेलो, कारण दहानंतर तिथे भट्टी असते. ट्रसवर, म्हणजे छपराच्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यावर, पाय देत वळचणीपर्यंत सरपटत गेलो आणि टॉर्च लावला. ट्रस भिंतीला जिथे टेकतो तिथे जस्त चढवलेली लोखंडी पट्टी होती, म्हणजे नियमाप्रमाणे काम झालेलं. पण पट्टीला भोकं सहा आणि खिळा एक. पुढच्या ट्रसला दोन. त्याच्या पुढच्याला पुन्हा एक. बाकीच्या भोकांतून टॉर्चचा उजेड आरपार जात होता. मग वर पाहिलं, तर एका वाशाला लागून सात-आठ खिळ्यांची टोकं ओळीने लोंबकळत होती. लाकडापासून अर्धा इंच बाजूला, निव्वळ हवेत. त्या तक्त्याची ती कड नुसती ठेवलेली होती म्हणा ना. मी फोटो काढून खाली आणले. काकूंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं आपण याच्याखाली झोपतोय?"

अशा पट्टीचा विमा कंपनीशीही थेट संबंध आहे. फ्लोरिडात 'विंड मिटिगेशन' तपासणीचा, म्हणजे घर वाऱ्याला किती तोंड देईल ते पाहण्याचा, एक ठरावीक अर्ज असतो. त्यात ही पट्टी 'क्लिप' म्हणून मान्य व्हायची तर ट्रसमध्ये किमान तीन खिळे लागतात, नाहीतर पट्टी असूनही नसल्यासारखी. कायद्याने विमा कंपनीला या मजबुतीसाठी हप्त्यात सवलत द्यावी लागते. घरात फरक झाला नाही तर हा अर्ज पाच वर्षांपर्यंत चालतो. तपासनीस आला की त्याला सांगा, प्रत्येक बाजूचे फोटो दाखव. तुम्ही स्वतः माळ्यावर जायचं नाही. खुर्चीत बसून फोनवर पाहायचं आणि भोकं मोजायची.

छप्पर चौपाखी असेल तर वारा तुलनेने सहज वळसा घालून जातो. दुपाखी असेल तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींना आतून आडवे-तिरपे आधार आहेत का ते विचारा. ती भिंत आत कोसळली की आढं उघडं पडतं. तितकंच महत्त्वाचं आहे गॅरेजचं दार. ते फाटलं की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. बाहेरून ओढ, आतून रेटा. माझ्या मते, पैसे मोजकेच असतील आणि दार जुनं असेल, तर शिंगलच्या आधी गॅरेजचं दार बदला.

आता पाणी. छप्पर जागेवर राहिलं तरी शिंगल उडाले की तक्त्यांच्या सांध्यांतून पाणी आत येतं, आणि छताचा जिप्समचा तक्ता फुगून खाली पडतो. साउथ कॅरोलायनात विमा उद्योगाची एक प्रयोगशाळा आहे, तिथे १०५ पंखे लावून पूर्ण आकाराच्या घरांवर वारा आणि पाऊस सोडतात. सांध्यांवर चिकटपट्टी मारून तक्ते बंद केले, तर आत येणारं पाणी किती कमी होतं ते त्यांनी शेजारी-शेजारी दाखवलंय. हे काम शिंगल काढलेले असतानाच होतं. त्यामुळे छप्पर बदलताना करारात ते लिहून घ्या, आणि तक्त्यांना वळ्या असलेले 'रिंग शँक' खिळे मारायलाही त्याच वेळी सांगा. वळचणीखालच्या पातळ जाळीदार पट्ट्या हलवून पाहायला सांगा. २००४ च्या चार्ली हरिकेनमध्ये त्या निघून गेल्या आणि छप्पर शाबूत असलेल्या घरांतही पाऊस शिरला.

कंत्राटदाराबद्दल थोडं कडक बोलतो, कारण आपल्या वयाच्या लोकांना फार फसवलं जातं. दारावर येऊन "तुमचं छप्पर फुकट करून देतो, डिडक्टिबलचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्याला आत घेऊ नका. डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा, आणि तो माफ करण्याचं आमिष दाखवणं इथे बेकायदेशीर आहे. परवाना राज्याच्या संकेतस्थळावर तपासा, परमिट त्याच्याच नावाने निघू द्या. हरिकेनची डिडक्टिबल वेगळी असते, बहुधा घराच्या विमा रकमेच्या २ टक्के. तीन लाख डॉलरच्या घरावर सहा हजार तुमच्या खिशातून जाणार, हे आजच धरून चाला. छप्पर पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर केवळ वयाच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही. जुनं असेल तर तपासणी करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यात पाच वर्षांचं आयुष्य शिल्लक निघालं तर तिथेही वयाचं कारण चालत नाही. पुराचा विमा निराळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेत तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो.

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, ऐन भर सप्टेंबरच्या सुरुवातीला. मे उजाडला की चांगले कारागीर मिळत नाहीत, म्हणून हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायचं. त्या काकांच्या घरी रिकाम्या भोकांत खिळे मारायला दोन माणसांना दीड दिवस लागला.

मी दोन पट्ट्या सोबत आणल्या आहेत, एक पूर्ण ठोकलेली आणि एक त्यांच्या माळ्यावरून काढलेली. इथे टेबलावर ठेवतो. पुढे या, हातात घेऊन पाहा.