काटा पासिंग आणि गुगलचं पहिलं पान

(दादर इथे लघुउद्योजकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मेगाब्लॉक आहे, तरीही मुलुंड-भांडुपहून, पार वसईहून मंडळी आली आहेत. रविवार ही धंदेवाल्याची एकच मोकळी दुपार असते, तेव्हा मी थेट विषयाला हात घालते.

आमचं मस्जिद बंदरला वजनकाट्यांचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती आणि पासिंग. किराणावाला, मिठाईवाला, सराफ, सगळ्यांना काटा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून त्यावर मुद्रा घ्यावी लागते. सरकारी कागदावर याला ‘पडताळणी व मुद्रांकन’ म्हणतात. बाजारात हा शब्द कोणाच्या तोंडी नसतो. बाजारात म्हणतात, काटा पासिंग. हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

2014 साली मी आमच्या वेबसाइटचं एसईओ, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर दिसावी यासाठीचं काम, एका एजन्सीला दिलं. करारात स्वच्छ लिहिलं होतं की शोधाच्या दहा शब्दांवर, म्हणजे लोक जे टाइप करून शोधतात त्यावर, गुगलच्या पहिल्या पानाची हमी. वर्षाचे पैसे आगाऊ भरले. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, दहापैकी नऊ शब्दांवर आम्ही पहिल्या पानावर. बाबांनी तो कागद गल्ल्याशेजारी लावला. आल्यागेल्याला दाखवायचे. फोन मात्र पूर्वी येत होते तेवढेच येत राहिले.

मग एका रात्री मी ते दहा शब्द नीट वाचले. त्यातला एक होता ‘बेस्ट इंडस्ट्रियल वेइंग स्केल कॅलिब्रेशन सोल्युशन्स प्रोव्हायडर मस्जिद बंदर मुंबई’. बाकीचेही याच घरातले. मिठाईच्या दुकानाचा मालक, ज्याच्या काट्याची मुदत उद्या संपते आहे, तो हे कशाला टाइप करेल? असं शोधणारं माणूसच नव्हतं, म्हणून त्या जागेसाठी चढाओढ नव्हती, म्हणून हमी देता आली. करार अक्षरशः पाळला गेला होता. भांडायला मला जागाच उरली नव्हती.

ही हमी आजही सर्रास विकली जाते. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावर लिहिलेलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. तुमच्यासमोर कोणी ‘आमची गुगलमध्ये ओळख आहे’ असं म्हणालं, तर ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवा. जाहिरातीचे पैसे गुगल घेतं, आणि त्या जागेवर ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं असतं. त्याखालचे जे निकाल येतात त्यांत पैसे देऊन वर सरकता येत नाही. तुम्ही जाहिरातीवर लाखभर खर्च केलात म्हणून तुमचं साधं पानही वर येईल, असंही होत नाही.

आणि ‘पहिला नंबर’ म्हणजे तरी कोणाच्या मोबाइलवरचा? आत्ता या सभागृहात आपण सगळ्यांनी ‘काटा दुरुस्ती’ शोधलं आणि तोच शब्द उद्या दहिसरला बसून शोधला, तर दुकानांची यादी वेगळी येईल. नकाशासोबत जी दुकानं दिसतात त्यांचा क्रम गुगल तीन गोष्टींवरून ठरवतं, आणि हे त्यांनीच सांगितलेलं आहे. शोधणाऱ्याच्या गरजेशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती परिचयाचं आहे. यातलं अंतर कोणी कमी करू शकत नाही. दहिसरच्या गिऱ्हाइकाला मस्जिद बंदरचं दुकान नकाशात बहुधा दिसणार नाही, एजन्सी कितीही चांगली असो. ते गिऱ्हाईक हवं असेल तर दहिसरला माणूस पाठवून सेवा देता का, हे वेबसाइटवर नीट लिहा. तिथे नसलेल्या दुकानाचा खोटा पत्ता टाकू नका. ते नियमाबाहेर आहे, आणि प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद, बंद झालं तर मस्जिद बंदरचं गिऱ्हाईकही जातं.

आता काटा पासिंगकडे येते.

एजन्सी सोडल्यावर मी स्वतः शिकायला बसले. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन आहे, पूर्ण फुकट. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा तुमची साइट दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, हे त्यात येतं. मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब मिळतो. मी तो उघडला तेव्हा खाली कुठेतरी रोमन लिपीत लिहिलेलं ‘काटा पासिंग’ होतं, देवनागरीतलं होतं, ‘वजन काटा पासिंग कुठे करतात’ असं अख्खं वाक्यही होतं. आमच्या साइटवर हे शब्द एकदाही नव्हते. आम्ही सगळीकडे ‘लीगल मेट्रोलॉजी सोल्युशन्स’ लिहून ठेवलं होतं, कारण ते भारदस्त वाटायचं.

मी एक साधं पान लिहिलं. पासिंगला काय कागद लागतात, मुदत संपली तर काय करायचं, काटा आमच्याकडे आणायचा की आम्ही यायचं, किती दिवस लागतात, आमच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे तो कशासाठी असतो. हे सगळं मी काउंटरवर रोज वीस वेळा तोंडी सांगत होते, तेच लिहिलं. पहिले तीन महिने काही झालं नाही. पाचव्या महिन्यात फोन यायला लागले, आणि फोन करणारी माणसं ‘तुमच्या पानावर वाचलं’ म्हणून सुरुवात करायची. अर्धं बोलणं आधीच झालेलं असायचं.

मी हे इतकं तपशिलात सांगते आहे, कारण एसईओवाल्याकडून काय अपेक्षा ठेवायची याचं उत्तर यातच आहे. चांगला माणूस तुमची साइट गुगलला नीट वाचता येते की नाही हे बघेल. मोबाइलवर ती पटकन उघडते का, एकाच मजकुराची चार पानं झाली आहेत का, एखादं पान चुकून शोधातून वगळलं गेलं आहे का, हे तपासेल. तुमचं गिऱ्हाईक कुठल्या शब्दांत विचारतं ते शोधून देईल. हे कौशल्याचं काम आहे आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. पण पासिंगला गेलेला काटा का नापास होतो, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक असतं. ‘तुम्ही सगळं आमच्यावर सोडा’ असं म्हणणारा माणूस ते ज्ञान आणणार कुठून? आजकाल तो एखाद्या यंत्राकडून पन्नास लेख लिहून घेतो. तसे लेख कोणत्याही शहरातल्या कोणत्याही दुकानाला लागू पडतील असे असतात. मार्च 2024 मध्ये गुगलने आपल्या नियमांत हे स्पष्टच घातलं की केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर तयार करणं हा गैरवापर आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

म्हणून एसईओवाल्याला महिन्यातून निदान दोन तास द्या. मालकाने स्वतः, किंवा काउंटरवर बसणाऱ्या माणसाने. हा वेळ देता येणार नसेल तर काम देऊच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

वेळ किती लागतो? गुगलचंच सांगणं आहे की बहुतेक वेळा सुधारणा करून त्याचा फायदा दिसायला चार महिने ते एक वर्ष जातं. पंधरा दिवसांत फरक दाखवतो म्हणणाऱ्याचं मला भय वाटतं, आणि त्या भयाचं कारण सांगते. गुगलची मूळ कल्पना अशी होती की दुसऱ्या साइट तुमच्याकडे दुवा, म्हणजे लिंक, देतात, म्हणजे एक प्रकारे तुमच्यासाठी साक्ष देतात. मग साक्षी विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. एप्रिल 2012 मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो या विकतच्या दुव्यांविरुद्धच. त्याच्याही आधी, 2006 साली, बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गुगलने शोधातून काढून टाकली होती, कारण गुगलला एक पान आणि वाचकाला दुसरंच, असा प्रकार तिथे सापडला होता. एवढी मोठी कंपनी काही दिवसांत परत आली. माझ्या त्या एजन्सीने आमच्यासाठी परदेशातल्या कुठल्याकुठल्या साइटवरून दुवे घेतले होते. ते निस्तरायला मला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत दिवाळी होती, आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने मिठाईवाल्यांचे काटे हाच आमचा हंगाम.

आणखी एक घाव तेव्हाच बसला. डोमेन, म्हणजे आमच्या वेबसाइटचं नाव, एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मी काम थांबवलं आणि नाव गेलं. बाबांनी ते नाव दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं. इथे बसलेल्या प्रत्येकाने आज घरी जाऊन एवढं बघावं की डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आहे का. सर्च कन्सोलची आणि नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलची मालकी तुमच्याकडे आहे का. एजन्सीला काम करण्यापुरती परवानगी द्या. दुकानाची किल्ली नोकराकडे असते, पण गाळा कोणाच्या नावावर आहे हे आपण विसरत नाही ना!

बिलात काय असतं तेही वाचत चला. ‘मेटा कीवर्ड टाकले’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारे शब्द घातले, अशी ओळ दिसली तर विचारा. क्रम ठरवताना ते शब्द वापरत नाही, असं गुगलने 2009 सालीच जाहीर केलं आहे. तरी त्याचे पैसे लावलेली बिलं मैत्रिणींनी मला आणून दाखवली आहेत.

पैशांचा हिशेब कसा करायचा, तेही पाहू. आकडे नुसते धरून चालू. तुम्ही महिन्याला 25,000 रुपये देता. एका नव्या गिऱ्हाइकामागे तुमच्या हातात 3,000 उरतात. म्हणजे नुसती बरोबरी व्हायला नऊ नवी गिऱ्हाइकं हवीत. दहा फोनांतले चार जमतात असं धरलं तर साधारण तेवीस फोन. आता स्वतःला विचारा, तुमच्या मालासाठी, तुमच्या पट्ट्यात, महिन्याला तेवीस जास्तीची माणसं शोधत तरी असतील का? नसतील, तर त्या एसईओवाल्याने जिवाचं रान केलं तरी ती कुठून येणार? जे लोक आधीच विचारत आहेत त्यांच्यापुढे तुम्हाला उभं करणं इतकंच एसईओने साधतं. ज्या वस्तूचं नावच अजून कोणाला माहीत नाही, तिची तहान त्यातून लागत नाही. तिथे जाहिरात, प्रदर्शन, ओळखीपाळखी. आणि ज्यांचा सगळा माल तीन कारखान्यांना जातो, त्यांनी तो पैसा आपल्या यंत्रसामग्रीवर खर्च करावा.

अलीकडचा एक बदल सांगायलाच हवा. ऑगस्ट 2024 पासून भारतात गुगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वरच, एआयने तयार करून दाखवायला लागलं. ‘काट्याची मुद्रा किती वर्षं चालते’ याचं उत्तर आता तिथेच मिळतं, आणि आमच्या त्या माहितीच्या पानावर येणारी माणसं कमी झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण फोन त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. उत्तर वाचून काटा पास होत नाही, त्यासाठी कोणीतरी लागतंच. त्यामुळे एजन्सी ‘साइटवर इतके हजार लोक आले’ असा रिपोर्ट देते तेव्हा मी तो बाजूला ठेवते आणि आमची वही काढते. प्रत्येक फोनला आम्ही विचारतो, ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ उत्तर वहीत जातं. साधी शंभर पानी वही आहे.

पुढच्या रांगेतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. लालबागला त्यांचा मसाल्यांचा आणि फराळाचा व्यवसाय आहे. विचारतात की दिवाळीला दीड महिना राहिला आहे, आज एसईओचं काम दिलं तर यंदा उपयोग होईल का.

ताई, यंदा नाही. यंदासाठी जे पैसे आहेत ते जाहिरातीला लावा, तेही फक्त जिथे तुमचा माल पोचतो त्या पट्ट्यापुरते. नकाशावरच्या प्रोफाइलमध्ये दिवाळीच्या वेळा आजच टाका, यंदाच्या चकल्या-करंज्यांचे फोटो टाका, आणि समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायची विनंती करा. त्याबदल्यात सूट किंवा डबा देऊ नका, ते नियमात बसत नाही. फराळाचं पान मात्र आत्ताच तयार करा. त्यात किलोचे भाव, ऑर्डर कधीपर्यंत घेणार, परदेशी पाठवता का आणि डबे कसे बांधता ते लिहा. पानाच्या वेब-पत्त्यात (URL मध्ये) साल घालू नका. दिवाळी झाली की ते पान काढूनही टाकू नका. पुढच्या वर्षी त्याच पानावर नवे भाव चढवा, म्हणजे वर्षभरात गुगलशी जी ओळख झाली असेल ती पुसली जाणार नाही. आणि जुलैत, गणपतीच्या आधी, मला फोन करा. आपण दोघी बसून तुमचं सर्च कन्सोल उघडू आणि लोक ‘भाजणी’ कशी लिहितात ते बघू.