टेकडीला पाणी कोण घालतं?

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'आपल्या बागेसाठी स्थानिक झाडं', आणि मी दहा झाडं सांगणार असं पत्रकात छापलंय. सांगतो. पण आधी जायफळाचं सांगू दे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी सासुरवाडी मालवणकडची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी जायफळाचं रोप दिलं, म्हणाल्या जावयबापू, पुण्याला लावा. आता सासूने दिलेलं रोप, त्याला नाही कोण म्हणणार? (हसू नका, तुम्हीही नाही म्हटलं नसतं.) तिकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे जेमतेम ७००. तिकडे माडा-पोफळीची सावली, दमट हवा, आणि इथे एप्रिल-मेची दुपार म्हणजे भट्टी. पानांच्या कडा करपल्या की मी गोणपाट भिजवून बांधायचो. मग हिची जुनी साडी बांधली, मग चक्क खिडकीतला कूलर त्याच्याकडे वळवला, घरात आम्ही घामाघूम आणि जायफळ गारव्यात! तिसऱ्या मेमध्ये गेलं ते. नंतर कळलं की जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणजे जगलं असतं तरी सहा-सात वर्षं सांभाळून नर निघाला असता तर फळ शून्य. आणि वर हे की आपण ज्याला कोकणचं म्हणतो ते मुळात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. सासूबाईंना हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गंमत म्हणजे त्याच आळ्यात बुलबुलाने टाकलेल्या बीतून कढीपत्ता आला. पाणी कोणी मुद्दाम घातलं नाही. आज पुरुषभर उंच आहे आणि त्यावर फुलपाखराच्या अळ्या असतात, हिची फोडणी आणि अळ्या दोघांचं भागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नर्सरीत जायच्या आधी टेकडीवर जा, तिथे कोणी पाणी न घालता काय वाढतं ते बघा. नुसतं 'देशी' म्हणून चालत नाही हो, कोकणातलं देशी पुण्यात परदेशीच. फक्त टेकडीवरची उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडियाची झाडं, बघून फसू नका, ती मध्य अमेरिकेतली, आपल्याकडे मुद्दाम लावलेली. आणि देवचाफाही तिकडचाच, पण त्यावर आज बोललो तर घरी जेवण मिळणार नाही.

बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं. पटपट सांगतो. कुंपणाला अडुळसा नाहीतर निरगुडी, गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. लहान जागेत धायटी, लाल फुलांवर मध प्यायला शिंजीर पक्षी येतात. कुडा, मुरुडशेंग, पारिजातक. मोठी जागा असेल तर बहावा, पळस, करंज. पानगळ होते म्हणून तक्रार करू नका, पानं गाळूनच ती उन्हाळा काढतात, तीच पानं आळ्यात टाका. ताम्हण राज्यफूल आहे म्हणून सगळे मागतात, पण ते ओढ्याकाठचं झाड, पाणी असेल तरच लावा. लावायचं जूनमध्ये, दोन-तीन उन्हाळे पाणी द्या, मग हात आखडता घ्या. लॉनबद्दल बोलायचं राहिलं, टँकरचं बिल बघा म्हणजे झालं.

दहा झाली का? मोजली कोणी? चहा तयार आहे म्हणतात. बाहेर टेबलावर कुड्याच्या शेंगा ठेवल्यात, एकेकच घ्या, आणि हॉलमध्ये फोडू नका, बी म्हातारीसारखं उडतं, झाडणारा मला शोधत येईल.