उपसा
पूर ओसरल्यानंतरच्या पाण्याविषयी लघुमाहितीपट : निवेदन

[दृश्य : ड्रोन. पाण्यातून वर आलेली छपरं, झाडांचे शेंडे. एक बोट संथ जाते आहे.]

वरून बघितलं की पूर देखणा दिसतो. बातम्यांत म्हणून हेच दिसत राहतं : बोटी, दोर, हेलिकॉप्टरमधून खाली सोडलेली पाकिटं. त्या धाडसाला तोड नाही. २०१८ साली केरळमध्ये मच्छीमारांनी आपल्या बोटी ट्रकवर चढवून पुरातल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. असं काही टिपायला आम्ही वेळेवर पोहोचलो नाही. आमच्याकडे बोटीचं हे एवढंच चित्रीकरण आहे. आम्ही आलो तोवर पाणी उतरायला लागलं होतं, आणि मोठे कॅमेरे परत निघाले होते.

[दृश्य : चिखलानं भरलेला रस्ता. उलटलेलं कपाट. पावलं.]

(इथे निवेदन नाही.)

[दृश्य : विहीर. पाणी कठड्याला टेकलेलं, वर पालापाचोळा, प्लास्टिक, एक चप्पल.]

विहीर तुडुंब भरली आहे आणि गावात प्यायला पाणी नाही.

इथवर येताना पुराचं पाणी शौचालयांच्या खड्ड्यांतून, गटारांतून, गोठ्यांतून आणि उकिरड्यांवरून आलं. मेलेली जनावरं, शेतातली औषधं, गाड्यांचं तेल, सगळं सोबत घेऊन ते कठडा ओलांडून आत उतरलं. विहीर खुली असल्यामुळे ते निदान डोळ्यांना दिसतं. हातपंपाचं पाणी मात्र पांढरंशुभ्र येतं. चौथऱ्याच्या फटीतून घाण आत गेली असली, तरी कुणाला शंकाही येत नाही.

[दृश्य : ट्रकमधून उतरणारी पाण्याच्या बाटल्यांची खोकी. हात. पुन्हा हात.]

बाटल्या येतात, त्या यायलाच हव्यात. पहिल्या काही दिवसांत त्यांच्याशिवाय गत्यंतर नसतं. पण जरा हिशेब करू. आपत्तीतल्या मदतीसाठी ‘स्फिअर’ नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता धरून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावं, असं ते सांगतात. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ३० बाटल्या. एका माणसाला. एका दिवसाला. गाव दोन हजारांचं असेल तर रोजचे ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या तीन फेऱ्या. त्याही रस्ता शाबूत असेल तर. टँकर गावाला जगवतो, यात वाद नाही. पण त्याचं येणं डिझेलवर, रस्त्यावर आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतं. गावाच्या हातात काय उरतं? ही विहीर.

[दृश्य : सात-आठ जण विहिरीभोवती. पंप, पाइप, बादल्या, दोर.]

विहिरी साफ करणारं हे पथक कालपासून इथे थांबून आहे, आणि त्यांनी अजून पंप लावलेला नाही. गावकरी चिडले आहेत, ते फ्रेममध्ये दिसतंच आहे. पण घाई न करण्याला कारण आहे. पूर उतरला तरी जमीन आतून पाण्यानं फुगलेली असते. अशा वेळी विहीर झपाट्यानं रिकामी केली, तर बाहेरच्या पाण्याचा दाब बांधकामावर येतो आणि आतली भिंत ढासळते. मग ना विहीर राहते, ना पाणी. म्हणून उपसा टप्प्याटप्प्यानं : थोडं पाणी काढायचं, थांबायचं, भिंतीकडे बघायचं.

समुद्राकाठी गोष्ट आणखी नाजूक होते. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर खारट झालेल्या विहिरी मदत करणाऱ्यांनी उत्साहानं पुन:पुन्हा उपसल्या. गोड पाण्याचा वरचा थर निघून गेला, खालचं खारं पाणी वर चढलं. मदत होती, मनापासून होती, आणि कित्येक विहिरी आणखी खारट झाल्या.

[दृश्य : पंप सुरू होतो. तपकिरी पाण्याचा लोट.]

पंपाचं इंजिन बघा कुठे ठेवलंय : विहिरीपासून लांब, मोकळ्यावर. पाइप तोकडा पडला म्हणून इंजिन विहिरीत उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आत साचलेला तो वायू उतरलेल्या माणसाला शुद्धीवर राहू देत नाही. उपसलेलं पाणीही उताराच्या बाजूला, दूर सोडायचं. जवळ सोडलं तर झिरपत परत इथेच येणार.

[मूळ आवाज : “दादा, सावकाश. आधी बादली वर येऊ द्या, मग उतरा.”]

आता माणूस आत जातो आहे. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या दोघांच्या हातात. तळाशी गुडघाभर गाळ आहे. तो पंपाला ओढवत नाही, तो बादलीनंच काढावा लागतो. या कामाला आम्ही जास्त वेळ दिला आहे, कारण ते तेवढाच वेळ घेतं.

[दृश्य : बादल्या वर येतात. लांब शॉट, न कापलेला. फक्त आवाज.]

[दृश्य : ब्रशनं भिंती घासणारा माणूस.]

गाळ निघाला की क्लोरीनच्या द्रावणानं भिंती घासून काढायच्या, निखळलेले सांधे भरायचे, तळाला स्वच्छ खडीचा थर द्यायचा आणि झऱ्यांना त्यांचं काम करू द्यायचं. पाणी आपोआप चढतं.

मग मोजमाप. ही विहीर अडीच मीटर रुंद, आणि पाणी चार मीटर चढलेलं. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले खोली : साधारण २० हजार लिटर. पथकाकडची पावडर ७० टक्के क्लोरीनची आहे. २० लिटरच्या बादलीत ५० ग्रॅम पावडर, आणि दर हजार लिटरमागे अर्धी बादली द्रावण. म्हणजे दहा बादल्या. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन याच्या निम्म्याहूनही कमी असतं आणि पोतं उघडं राहिलं तर ते रोज थोडं थोडं उडून जातं. ‘दोन मुठी टाका आणि मोकळे व्हा’ हा सल्ला म्हणूनच कामाचा नाही, कितीही मोठ्या माणसानं दिलेला असला तरी.

द्रावण निवळू द्यायचं, वरचं पाणी घ्यायचं, खालचा चुना टाकून द्यायचा. विहिरीत ओतल्यावर बादली खालीवर करून ढवळायचं. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर रात्रभर कुणी पाणी काढायचं नाही. उपशाआधी ही पावडर ओतली असती तर वाया गेली असती. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशी आणि सडलेल्या पाल्याशीच झगडून संपतं, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. विहिरीवर तेलाचा तवंग किंवा कीटकनाशकाचा वास असता, तर यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. ती विहीर पिण्यासाठी बंदच ठेवावी लागते.

[दृश्य : हातात छोटी प्लास्टिकची नळी. तपासणीची गोळी टाकली जाते. पाणी गुलाबी होतं.]

हा गुलाबी रंग म्हणजे पाण्यात शिल्लक उरलेलं क्लोरीन. रंग पट्टीशी ताडून बघायचा. घरी भरून नेताना लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असलं की ठीक. इथे आत्ता रंग गडद आहे, म्हणजे जास्त आहे. पुन्हा थोडा उपसा, पुन्हा गोळी.

[दृश्य : घरातला माठ. बाई झाकण ठेवते.]

पण एकदा शुद्ध केलेली विहीर कायमची शुद्ध होत नाही. क्लोरीन दोन-चार दिवसांत विरतं. भोवतीचे खड्डे अजून भरलेले आहेत, त्यातलं झिरपणं चालूच राहतं. म्हणून घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या किंवा उकळणं, यातलं एक तरी आणखी काही आठवडे चालू ठेवावं लागतं. केरळच्या त्याच पुरात तीन लाखांहून अधिक उथळ विहिरी बाधित झाल्या होत्या. आता या एका विहिरीला लागलेली माणसं आणि वेळ मनात धरा.

[दृश्य : आरोग्य तंबू. सलाइन. रांगेत मुलं.]

हे झालं नाही तर काय होतं ते या तंबूत दिसतं. अतिसार, कावीळ, चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस. मोझांबिकमध्ये मार्च २०१९ च्या ‘इडाई’ चक्रीवादळानंतर बैरा शहरात दोन आठवड्यांच्या आत कॉलरा दिसला. एप्रिलच्या सुरुवातीला लसीकरण सुरू झालं आणि आठ लाखांहून अधिक लोकांना लस मिळाली. पिकं, घरं, शाळा, डोक्यावरची कर्जं, तो हिशेब वेगळा आहे आणि मोठा आहे.

[दृश्य : विहिरीवर दोघे जण टेपनं माप घेताहेत.]

या गावातलं पथकाचं शेवटचं काम कागदावरचं आहे. पुराचं पाणी कठड्याच्या दीड फूट वर गेलं होतं. कठडा तीन फुटांनी उचलायचा, भोवती उतार असलेला काँक्रीटचा चौथरा, सांडपाण्याला चर, तोंडावर झाकण. पुढच्या पुरातही पाणी इतकंच चढलं, तर ते कठड्यावरून आत शिरणार नाही. यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते पैशाचं खातं. टँकरची बिलं मदतनिधीतून निघतात, तातडीनं निघतात. कठड्याच्या विटा मात्र विकासकामात मोडतात. त्याची फाईल वेगळी, टेबल वेगळं, आणि बहुधा वर्षही वेगळं. गेल्या काही पुरांत आम्हाला भेटलेल्या जवळपास प्रत्येक मदत कार्यकर्त्यानं ही तक्रार केली, आणि कॅमेरा बंद झाल्यावर जास्त मोकळेपणानं केली.

पथक दुपारी शेजारच्या गावी निघालं. तिथे चार विहिरी आहेत, एका विहिरीवर तेलाचा तवंग आहे. इथल्या कठड्याचा अर्ज मापांसह गेला आहे. टँकर आणखी आठवडाभर येईल.