कर्नल, जंबो आणि आद्याक्षरं

(दृश्य: नागपूर, सिव्हिल लाइन्स. रिकामं मैदान.)

हे नागपूरचं व्हीसीए, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान. 1975 च्या इराणी करंडकात, म्हणजे रणजी विजेते विरुद्ध शेष भारत या सामन्यात, मुंबईचा 19 वर्षांचा पोरगा इथं बेदी-प्रसन्ना या फिरकी जोडीवर तुटून पडला, 110 धावा काढल्या. जुन्या जाणत्यांना भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू आठवले. नायडू जन्मानं नागपूरचेच, होळकरांच्या फौजेतले कर्नल. तेव्हापासून तो पोरगा, म्हणजे दिलीप वेंगसरकरही 'कर्नल' झाले.

(दृश्य: जुना रेडिओ, हळूहळू जवळ.)

असं टोपणनाव पडायला डोळ्यांत भरणारा प्रसंग लागतो, तो पाहून चटकन बोलणारा माणूस लागतो, आणि तो शब्द घरोघरी नेणारं कुणीतरी. रेडिओवर खेळाडू दिसत नसे, म्हणून समालोचकाला शब्दांनीच चित्र काढावं लागे. भारताचे फलंदाज पहलान उमरीगर घरचे 'पॉली'. पण वेस्ट इंडिजमधल्या लोकांनी त्यांचे उंच षटकार पाहिले आणि नाव दिलं, 'पाम ट्री हिटर'. माडाचं झाड आणि त्यावरून जाणारा चेंडू, दोन्ही त्या नावातच आहेत.

(दृश्य: दिल्ली, कोटला. लेगस्पिनर चेंडू सोडतो, तो उसळतो.)

नाव घडतं ते असं. कोटल्यावर इराणी सामन्यात अनिल कुंबळेंचे एक-दोन चेंडू अचानक उसळले. मिडऑनवरून नवज्योत सिद्धू ओरडले, 'जंबो जेट!' मैदानात हाक मारायला चार अक्षरं जास्तच होतात. 'जेट' गळालं, 'जंबो' राहिलं.

(दृश्य: आजचा सामना. स्टंपमधला मायक्रोफोन, मोठा पडदा.)

आता प्रत्येक चेंडू पाच बाजूंनी दिसतो, वर्णन कुणी मागत नाही. स्टंपमधल्या मायक्रोफोनमुळे खेळाडूंची आपसातली हाक थेट घरात येते: जडेजाचं जड्डू, भुवनेश्वरचं भुवी, महेंद्रसिंह धोनीचं माही. समालोचक तीच उचलतो. ही नावं कापून केलेली आहेत, पाहून सुचलेली नाहीत. सूर्यकुमार यादवचं 'स्काय' आद्याक्षरांचं असूनही सुरेख आहे, गौतम गंभीरनं दिलेलं. पण त्यालाच चिकटलेलं 'मिस्टर 360', म्हणजे मैदानात चौफेर फटके मारणारा, हे आधी दक्षिण आफ्रिकेच्या एबी डिव्हिलियर्सचं होतं. नावावरून खेळ ओळखणं आता जवळपास संपलं.

(दृश्य: शिवाजी पार्क, सकाळ. नेटमधली मुलं एकमेकांना हाका मारतायत. निवेदन थांबतं, मैदानाचा आवाज वाढतो.)